नाही म्हणणारी सीडी

१

बुधवारी सकाळी दहा वाजता विभागप्रमुखांनी दिवंगत प्राध्यापकांच्या अभ्यासिकेतला संगणक चालू केला, आणि बावीस वर्षं नाहीशी झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

पडदा स्वच्छ होता, कालच दुकानातून उचलून आणल्यासारखा. एका कोपऱ्यात कचऱ्याच्या टोपलीचं चित्र, आणि ती टोपलीही रिकामी. चारशे बारा दगडफुलांची वर्णनं, मोजमापं, सापडल्या जागा, चित्रांचे क्रमांक आणि प्रस्तावना, सगळ्याचा खडखडाट. दगडफूल म्हणजे खडकावर नाहीतर झाडाच्या सालीवर खपलीसारखं वाढतं ते. आपण नखाने खरवडून पुढे जातो, प्राध्यापकांनी त्यावर जन्म काढला. पुस्तक छापखान्यात जायच्या तोंडावर ते स्वतःच गेले, त्याला आज नऊ दिवस झाले होते.

दुसरी प्रत नव्हती. प्रत काढली की चोरी होते, असं प्राध्यापकांचं मत होतं. त्यांच्या हिशेबी जगात दोनच जातीची माणसं, एक ते स्वतः आणि बाकीचे चोर.

विभागप्रमुखांनी मान वळवली. दारात चित्रकारबाई उभ्या होत्या. प्राध्यापकांची सगळी दगडफुलं सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढणाऱ्या, वर्णनं टाइप करणाऱ्या, बावीस वर्षं रोज साडेनऊला येणाऱ्या.

"काल या यंत्राला हात कोणी लावला होता?"

"मी," चित्रकारबाई म्हणाल्या. "तुम्हीच सीडी दिली होतीत ना घालायला?"

"मी संगणकाच्या प्रणालीची नवी आवृत्ती चढवायला दिली होती. कामावर बोळा फिरवायला नाही."

चित्रकारबाई पुढे आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि तिथल्या खुर्चीत मटकन बसल्या.

२

शंकाबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानामागे त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, आणि यंत्र उघडण्याआधी गिऱ्हाइकाला वीस प्रश्न विचारायची त्यांना खोड होती. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, तेव्हा आधी माणूस तपासावा, असा त्यांचा हिशेब. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात तो फारसा चुकला नव्हता, आणि म्हणूनच त्यांची जीभ थोडी कडू झाली होती.

"उद्या शनिवारपर्यंत लेखी कबुली द्यायची," चित्रकारबाई शुक्रवारी त्यांच्या दुकानात सांगत होत्या. "माझ्या हातून पुसलं गेलं, अशी. नाहीतर सगळ्या संस्थांना पत्रं जाणार, की या बाईने सूड म्हणून मुद्दाम पुसलं."

"सूड कशाचा?"

"मुखपृष्ठावर सरांच्या शेजारी माझं नाव यायचं होतं. सरांनी शब्द दिला होता. विभागप्रमुखसाहेबांचं म्हणणं, सरांनी तो फिरवला असणार, म्हणून मी असं केलं."

"फिरवला होता?"

"छे हो! सर तसे नव्हते."

"सगळेच तसे नसतात," शंकाबाई म्हणाल्या. "शेजारी नाव कशासाठी? चित्रं काढली म्हणून?"

चित्रकारबाईंनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, हे बाहेर जायला नको. शेवटची नऊ वर्षं सरांना दिसतच नव्हतं. कडेकडेचं अंधूक दिसायचं, मधलं सगळं गेलेलं. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आणि मला ठाऊक होतं, तिसऱ्या कोणाला नाही. ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे, कोणी आलं तर दिसावं म्हणून. बघायची मी. लिहायचीही मी. चारशे बारांपैकी दोनशे नव्वद माझी आहेत. दुसरं काही नको मला, मुखपृष्ठावर नाव हवं. नाहीतर मी बावीस वर्षं केलं काय?"

शंकाबाईंनी दुकानाचं शटर खाली ओढलं. भर दुपारी दुकान बंद करायची त्यांना सवय नव्हती, पण बाई खरं बोलत होती, आणि खरं बोलणारं गिऱ्हाईक रोज रोज येत नाही.

३

अभ्यासिकेला रस्त्याच्या बाजूने वेगळं दार होतं. त्याच्या किल्ल्या तिघांकडे. चित्रकारबाई, विभागप्रमुख आणि आतल्या घरात राहणाऱ्या प्राध्यापकांच्या पत्नी. त्यांना सगळे काकू म्हणत.

टेबलाच्या खणात तीन सीड्या निघाल्या. एक संगणकाबरोबर कंपनीने दिलेली, कागदी पाकिटात. दुसरी दुकानातून विकत आणलेली, जाड रंगीत पेटीतली. तिसरी अपग्रेडची, विभागप्रमुखांनी सोमवारी दिली ती.

"तिन्हींत फरक काय?" विभागप्रमुख कंटाळून म्हणाले. "सीडी ती सीडी."

"असं म्हणणाऱ्यांच्या जिवावर माझं दुकान चालतं, साहेब," शंकाबाई म्हणाल्या. "कंपनीची सीडी म्हणजे पतिव्रता. ज्या कंपनीच्या यंत्राशी गाठ बांधली तिथेच नांदणार, परक्या घरी पाऊल टाकणार नाही. आणि घरात शिरली की आधीचं सगळं झाडून पुसून पहिल्या दिवसासारखं करणार. पेटीतली सीडी मोकळी. आज या यंत्रावर, उद्या दुसऱ्या. आणि अपग्रेडची म्हणजे चौकस सासू. आधीची आवृत्ती घरात आहे ना, ते बघितल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही, पण एकदा आत आली की भांडीकुंडी जिथल्या तिथे ठेवील. बाईंनी ती घातली असेल तर एकही फाइल जायला नको."

"मी तीच घातली," चित्रकारबाई म्हणाल्या. "चारला काम संपलं. फाइली उघडून बघितल्या, सगळ्या होत्या. दार लावलं आणि गेले."

शंकाबाईंनी संगणकाची माहितीची खिडकी उघडली. आवृत्ती जुनी. नोंदणी क्रमांकात मधोमध तीन इंग्रजी अक्षरं, ओ, ई, एम. कंपनीच्या सीडीची खूण.

"म्हणजे इथे शेवटची घातली गेली ती कंपनीची सीडी," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. "बघा! तीच ती झाडून पुसणारी! खणात तिन्ही पडलेल्या, बाईंनी चुकून म्हणा, मुद्दाम म्हणा, भलतीच उचलली. शंकाबाई, तुम्हाला यांनी बोलावलं, पण साक्ष तुम्ही माझीच दिलीत."

चित्रकारबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. शंकाबाईंनी आतल्या घराचा रस्ता धरला.

४

काकू मागच्या खोलीत भाजी निवडत बसल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, ताठ पाठीच्या. कोपऱ्यात त्यांचाही एक संगणक होता, त्याच कंपनीचा, त्याच राखाडी रंगाचा, वर कापडाची ओढणी घातलेला. पाच वर्षांपूर्वी एकाच दिवशी एकाच दुकानातून तीन घेतले होते, एक अभ्यासिकेत, एक विभागप्रमुखांच्या कचेरीत आणि तिसरा परदेशातल्या मुलीला पत्रं लिहिण्यासाठी काकूंकडे.

"मंगळवारी चारनंतर अभ्यासिकेत कोणी आलं होतं?" शंकाबाईंनी विचारलं.

"मला इथून कळत नाही."

"साहेब?"

"आले असतील. संपादक म्हणून आपलं नाव घाला, असं ते ह्यांच्या मागे लागले होतेच. किल्ली आहे त्यांच्याकडे."

"आणि चित्रकारबाई? त्यांच्यावर तुमचा राग आहे?"

काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली. "बावीस वर्षं माझा नवरा माझ्यापेक्षा तिच्याशी जास्त बोलला. राग होता. पण तिने मुद्दाम पुसलं, हे मी मेले तरी म्हणणार नाही."

"मुद्दाम नसेल. चुकून कंपनीची सीडी लागली असेल."

"चुकून कसं होईल? दोनदा विचारतं ना ते, खात्री आहे का म्हणून."

शंकाबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथे थोड्या रेंगाळल्या.

५

अभ्यासिकेत परत आल्यावर शंकाबाईंनी पेटीतली सीडी उचलली आणि ती उलटसुलट करत राहिल्या. एक साधी गोष्ट त्यांना मघापासून टोचत होती. यंत्राबरोबर कंपनीची सीडी फुकट आलेली असताना, पै पैला जपणाऱ्या प्राध्यापकांनी पेटीतली विकत कशाला आणली?

"हो, ती दोन वर्षांपूर्वीची," चित्रकारबाई म्हणाल्या. "तुमचं ऑपरेशन झालं होतं, दुकान बंद होतं. यंत्र अचानक जळलं. बाजारातल्या दुसऱ्या माणसाने आतला मुख्य बोर्ड बदलून दिला, वेगळ्या कंपनीचा. नशिबाने फाइली वाचल्या. मग जुनी सीडी चालेचना. 'हे यंत्र आमचं नाही' असं काहीतरी लिहून यायचं. म्हणून ही आणली."

शंकाबाईंनी कपाळावर हात मारला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

वीस प्रश्नांत हा एकविसावा राहून गेला होता. शंकाबाईंनी स्क्रू काढायला घेतले.

"साहेब, इकडे या. कंपनीची सीडी यंत्र ओळखते ते आतल्या बोर्डावरून. बोर्ड परका, तर सीडी नाही म्हणणार. म्हणजे प्राध्यापकांच्या यंत्रावर ती कोणालाच घालता आली नसती. ना बाईंना, ना तुम्हाला. पण या यंत्रावर तर ती घातलेली आहे." त्यांनी झाकण बाजूला सारलं. आत हिरव्या बोर्डावर कंपनीची मूळ मुद्रा चांगली ठळक दिसत होती. "कारण हे प्राध्यापकांचं यंत्रच नव्हे. कोणीतरी आपलं यंत्र पुसून इथे ठेवलं, आणि त्यांचं उचलून नेलं. पुस्तक पुसलं गेलेलं नाही. ते दुसऱ्या कोणाच्या टेबलावर बसलंय."

अशी यंत्रं आणखी दोनच होती, आणि त्यातलं एक ज्यांच्या कचेरीत होतं ते विभागप्रमुख खिशातून रुमाल काढत होते.

६

"माझं यंत्र उघडता येणार नाही. संस्थेची मोहोर आहे त्यावर," कचेरीत शिरताच विभागप्रमुख म्हणाले. "आणि माझ्या फाइली खासगी आहेत."

"तुमचं काही वाचायचं नाही मला. ही कंपनीची सीडी घालते. ज्या यंत्रावर ती नाही म्हणेल, ते प्राध्यापकांचं."

सीडी आत गेली. घरघर झाली. विभागप्रमुख उभेच होते. चित्रकारबाईंनी दाराची चौकट धरून ठेवली होती. मग पडद्यावर अक्षरं उमटली: या यंत्रावरील सर्व माहिती पुसली जाईल. पुढे जायचं?

सीडी हो म्हणत होती. यंत्र विभागप्रमुखांचंच होतं.

"बंद करा! बंद करा ते!" ते ओरडले. शंकाबाईंनी रद्दचं बटण दाबलं आणि सीडी बाहेर घेतली. या माणसाने चोरी केली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं. तो आवडण्यासारखा नव्हता, त्याला पकडताना जिवाला काही लागलं नसतं.

"मग राहिलं कोण?" विभागप्रमुखांनी विचारलं. शंकाबाई त्यांच्याआधीच जिना उतरू लागल्या होत्या.

७

दोघांना अभ्यासिकेत बसवून शंकाबाई एकट्याच मागच्या खोलीत गेल्या. काकूंनी स्वतःच यंत्रावरची ओढणी काढून घडी घातली.

सीडी आत गेली. पडद्यावर एकच ओळ आली: ही सीडी या यंत्रासाठी नाही.

"दोनदा विचारतं, हे तुम्हाला ठाऊक होतं," शंकाबाई म्हणाल्या. "ती सीडी ज्याने चालवलीय त्यालाच ते ठाऊक असतं."

"तुम्हीच शिकवलं होतं. माझं यंत्र अडकलं होतं तेव्हा." काकू खुर्चीवर बसल्या. "मंगळवारी संध्याकाळी माझं पुसलं. मुलीची पाच वर्षांची पत्रं गेली त्यात. मग वायरी काढल्या, दोन्ही खोकी इकडची तिकडे केली. भिंतीपलीकडे तर न्यायचं होतं."

"कशासाठी?"

"प्रस्तावना वाचा."

शंकाबाईंनी फाइल उघडली. चारच पानं होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'या ग्रंथातील प्रत्येक नमुना मी स्वतःच्या डोळ्यांनी तपासला आहे.' चौथ्यावर आभार होते. संस्थेचे, विभागप्रमुखांचे, छापखान्याचे, पत्नीच्या सोशिकपणाचे. आणि सगळ्यात शेवटी: 'आकृत्या व टंकलेखन यांसाठी पगारी मदत घेण्यात आली.' मुखपृष्ठाच्या पानावर एकच नाव होतं.

"ते सांगत गेले, मी एकेका बोटाने टाइप केलं," काकू म्हणाल्या. "तिला कळू द्यायचं नव्हतं. तिला वाटलं, सर आपल्या नावाचा आनंदाचा धक्का देणार आहेत. तसं ती मला म्हणालीसुद्धा. हसत."

"मग त्या ओळी खोडायच्या होत्यात. यंत्रांची अदलाबदल कशाला?"

"बसले होते खोडायला. बोट पुढे जाईना. चव्वेचाळीस वर्षं त्यांच्या शब्दापुढे शब्द काढला नाही, मेल्यावर कुठून काढणार? आणि सकाळी साहेब न्यायला येणार होते. म्हटलं, चार दिवस मिळाले तर काहीतरी सुचेल."

"आणि आळ आला बाईंवर."

"उद्या बोलते म्हटलं. मग परवा बोलते म्हटलं." काकूंचे डोळे कोरडे होते. "खोटं सांगत नाही, त्यात मला थोडं बरंही वाटलं. बावीस वर्षांचा राग आहे, तो कुठे जातो? पण आणखी एक सांगू? पुसलं म्हणून का होईना, लोक म्हणत होते, काम तिच्या हातात होतं, तिने बुडवलं. आता पुस्तक सापडलं. आता तिला कोण विचारणार?"

शंकाबाईंना आपल्या हुशारीची लाज वाटली. रहस्य उलगडलं की मन हलकं होतं, अशी इतक्या वर्षांची सवय, आणि आज ते जड झालं होतं. फाइल बंद करावी, यंत्र जळलं म्हणून सांगावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण मग शनिवारची कबुली बाईच्या गळ्यात पडणार होती. एका बाजूला आड, दुसऱ्या बाजूला विहीर, आणि ढकलायला त्याच.

"सापडलं?" मागून आवाज आला. चित्रकारबाई दारात उभ्या होत्या, अगदी उजळ चेहऱ्याने.

८

त्यांनी उभ्यानेच वाचलं. एकदा, मग परत वर जाऊन दुसऱ्यांदा.

"टाइप तुम्ही केलंत?" त्यांनी काकूंना विचारलं.

"हो."

"अशुद्ध फार आहे," चित्रकारबाई म्हणाल्या.

एवढ्यात विभागप्रमुख आत आले आणि पडदा बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "वा! बाई, आरोप मागे घेतला बरं का. झालं गेलं विसरून जा. काकूंचंही आपण काही मनावर घ्यायचं नाही, दुःखात माणूस काहीही करतं." मग प्रस्तावनेवरून नजर फिरवून ते थोडे घुटमळले. "हं. तुमचं नाव आभारात घालता येईल. तेवढं मी बघतो."

ते छापखान्याला फोन करायला बाहेर गेले.

"भांडा," शंकाबाई म्हणाल्या. "मी साक्ष देते. काकू देतील. त्यांना दिसत नव्हतं, हे सगळ्यांना सांगा."

"काय सांगू, ताई?" चित्रकारबाईंचा आवाज कापला, पहिल्यांदाच. "नऊ वर्षं आंधळ्या माणसाने दगडफुलं तपासली, असं? मग या पुस्तकावर विश्वास कोण ठेवणार? लोक म्हणतील, सगळंच खोटं. दोनशे नव्वद दगडफुलं मी बघितली आहेत. माझं नाव हवं तर ती खोटी ठरवायला लागतील. ती खरी राहायला हवीत तर बघितली त्यांनीच, असं म्हणायचं." त्या थांबल्या. "मला हे आधी कळलं असतं ना, तर मीच पुसलं असतं."

काकूंनी मान खाली घातली. कोणी कोणाची समजूत घातली नाही.

चित्रकारबाईंनी खुर्ची ओढली आणि यंत्रासमोर बसल्या. प्रस्तावना बंद करून त्यांनी मधलं एक पान उघडलं. तिथल्या दोन चित्रांचे क्रमांक एकमेकांच्या जागी पडले होते. सोमवारीच त्यांच्या लक्षात आलं होतं, पण दुरुस्त करायचं राहिलं होतं.

"राहू द्या आता," शंकाबाई म्हणाल्या. "कोणासाठी करताय?"

"स्वतःच्या डोळ्यांनी तपासलंय म्हणतात ना," चित्रकारबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "मग चूक राहायला नको."